सरासरी चौदा मिनिटं

मखमलसाहेबांचं वाटोळं व्हावं असं मला वाटत होतं, आणि ते माझ्याच हातून व्हावं असंही वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी मला सज्जन समजून फसायला नको.

मखमलसाहेब म्हणजे आमच्या सरकारी रुग्णालयाचे अधीक्षक. हे नाव मोठ्या सिस्टरांनी ठेवलेलं. साहेबांचा आवाज कधी चढायचा नाही. कुणाला नोकरीवरून काढायचं असलं तरी आधी बसायला खुर्ची द्यायचे, पाणी विचारायचे, घरची खुशाली विचारायचे आणि मग काढायचे. माणूस बाहेर येऊन जिना उतरायला लागला की त्याला कळायचं आपलं काय झालं ते.

मी तिथला पाटीवाला. बावीस वर्षं त्या इमारतीतली एकूण एक पाटी माझ्या हातची. साहेब आले आणि पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळ्या पाट्या खरवडून काढायला लावल्या. 'नाही' हा शब्द भिंतीवर दिसता कामा नये, असा हुकूमच निघाला. 'औषध संपले आहे' या पाटीच्या जागी 'औषध मार्गावर आहे' आली. 'खाट शिल्लक नाही' गेली आणि 'खाट लवकरच' झाली. 'तक्रार' शब्द तर मुळासकट उपटला, त्याच्या जागी 'अभिप्राय'. मला पेंटरचा 'संवाद सहायक' केलं. ब्रश मात्र जुनेच राहिले, केस झडलेले.

एकदा साहेब कुठल्याशा प्रशिक्षण शिबिराला गेले आणि येताना दोन शब्द घेऊन आले. आल्या आल्या सगळ्यांना सभागृहात जमवलं.

"युटोपिया म्हणजे असा समाज, जिथे सगळं जसं असायला हवं तसंच असतं," साहेब म्हणाले. "आणि त्याच्या उलट डिस्टोपिया. म्हणजे जागेपणी पडलेलं वाईट स्वप्न. आपण कुठे राहायचं, हे आपल्याच हातात आहे."

"युटोपिया जेवणाआधी घ्यायची की जेवणानंतर?" मोठ्या सिस्टर माझ्या कानाशी पुटपुटल्या.

मला हसू आवरेना. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, तेही प्रेमाने, आणि सभा संपल्यावर बोलावून घेतलं. या शब्दांना आपल्या भाषेत काय म्हणता येईल ते शोधा म्हणाले. मी वाचनालयात जाऊन जाडजूड शब्दकोश चाळले. 'आदर्शलोक' आणि 'दुःस्वप्नलोक' असे दोन शब्द नेऊन दिले. शिवाय एक गंमतही सांगितली, की युटोपिया या शब्दाचा मुळातला अर्थ 'कुठेच नसलेली जागा' असा आहे.

"तेवढं लिहू नका," साहेब म्हणाले.

मग आमचं रुग्णालय आदर्शलोक व्हायला निघालं. आदर्शलोकात रांग नसते. पण आमच्याकडे सकाळी सहापासून माणसं यायची, बाहेरच्या फाटकापर्यंत उभी असायची, आणि वरच्या कार्यालयाकडून दर महिन्याला विचारणा व्हायची की रुग्णाला डॉक्टर भेटेपर्यंत किती वेळ लागतो. वेळ मोजायची पद्धत अशी, की खिडकीवर नंबराची चिठ्ठी फाडली की घड्याळ सुरू, डॉक्टरांनी तपासलं की बंद. साहेबांनी डॉक्टर वाढवले नाहीत, वाढवणं त्यांच्या हातात नव्हतंही. त्यांनी चिठ्ठी उशिरा फाडायला सुरुवात केली. खिडकीच्या अलीकडे जुनं सामान ठेवायची एक मोठी खोली होती. ती रिकामी केली, भिंतींना फिकट हिरवा रंग दिला, गादीच्या खुर्च्या मांडल्या, कुंड्या ठेवल्या. आलेल्या माणसाने आधी त्या खोलीत बसायचं. आत डॉक्टर मोकळा झाला की दारातला शिपाई एकाला खिडकीवर सोडणार, तिथे चिठ्ठी फाडणार, आणि घड्याळ तेव्हा सुरू होणार. त्याआधीचा वेळ कुठेच मोजला जात नव्हता.

खोलीला नाव हवं होतं. साहेबांनी मला विचारलं. मी 'विसावा' सुचवलं. साहेबांनी टाळी वाजवली. मीच ते निळ्या अक्षरांत रंगवलं, 'वि'ची वेलांटी जरा लफ्फेदार काढली, आणि दोन पावलं मागे जाऊन बघितलं तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

माझा दादा त्या खोलीत मेला.

दादा बस आगारात वेळनोंद करायचा. कुठली गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता आली, हे लिहिण्यात त्याचं आयुष्य गेलं. मी, दादा, वहिनी आणि आई असे आम्ही एकाच घरात राहायचो. त्या दिवशी वहिनी शिवणकामाच्या कारखान्यात सकाळीच गेली होती. आई मावशीकडे होती. दादाला आठच्या सुमाराला छातीत कळ आली, तेव्हा तो एकटाच घराला कुलूप लावून निघाला. नऊ वाजून दहा मिनिटांनी तो आमच्या रुग्णालयाच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढला. साडेअकराच्या आत तो खुर्चीतून खाली घसरला, लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा कुठे आतून स्ट्रेचर आलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी वर फोन लावून विचारलं, यांची तर चिठ्ठीच फाडलेली नाही, काय लिहू? वरून मऊ आवाजात उत्तर आलं. कागदावर लिहिलं गेलं, 'मृतावस्थेत आणले'.

या दोन शब्दांनी आमच्या घराची राखरांगोळी केली. आईने तो कागद चष्मा लावून वाचला, आणि तिने जे समजायचं ते समजून घेतलं. पोराला सकाळीच दुखत असणार, सुनेच्या लक्षात आलं नाही किंवा येऊनही ती कामाला निघून गेली, पोरगा घरात किंवा रस्त्यात तडफडत पडला, आणि कुणीतरी त्याला उचलून नेला तेव्हा सगळं संपलं होतं.

"आई, ते दवाखान्यातच होते," वहिनी म्हणाली. "मला तिथून फोन केला होता त्यांनी. नऊ वाजल्यापासून तिथे बसले होते."

"कागद खोटं बोलतो का?" आई म्हणाली.

मग तिने माझ्याकडे बघितलं. "तू तर तिथेच असतोस. तो आला होता का?"

"मी कामात होतो," मी म्हणालो. "मला नाही माहीत."

त्या दिवसापासून आईने वहिनीशी बोलणं टाकलं. नुसतं टाकलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण जेवायला बसलं की कुणाला तरी उद्देशून बोलल्यासारखी बोलायची, नवऱ्याला मरायला सोडून टाके घालायला गेली म्हणून. आल्यागेल्या नातेवाइकांपुढे तेच, शेजारणीपुढे तेच. वहिनी मान खाली घालून वाढत राहायची. दोन महिन्यांत ती अर्धी झाली. तिला माहेर उरलं नव्हतं, जायचं म्हटलं तरी कुठे जाणार?

मी साहेबांकडे गेलो. हात जोडले, हो, तेही केलं. म्हणालो, साहेब, एवढं एक वाक्य बदलून द्या, नऊ वाजून दहा मिनिटांनी आला होता एवढंच लिहा. मला दुसरं काही नको. माझ्या वहिनीच्या कपाळावरचा डाग जाऊ दे.

साहेबांनी पाणी मागवलं. "मला तुमचं दुःख कळतं," ते म्हणाले. "पण विसावा हा रुग्णालयात धरलेला नाही. तो आवारात येतो. नोंद खिडकीपासून सुरू होते. आता तुमचे बंधू खिडकीपर्यंत पोचलेच नाहीत, तर ते आले असं मी कसं लिहू? आणि तुम्हाला मी काय सांगायचं, त्या खोलीचं नावच तुम्ही दिलंय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडातून मात्र "बरं साहेब" एवढंच निघालं. बावीस वर्षांची सवय. जिना उतरताना मी ठरवलं, या माणसाला याच खुर्चीवरून खाली ओढायचा, आणि तोही चारचौघांत. तेव्हापासून मी आणखी नम्र झालो. साहेबांच्या दालनाबाहेरची पाटी तर न सांगता पुन्हा रंगवून दिली.

संधी साहेबांनीच आणून दिली. साहेबांनी माझा शब्द वर कळवला होता, त्याच 'आदर्शलोक' नावाचा एक सरकारी सन्मान होता, वर्षातून एका रुग्णालयाला मिळायचा. आमचं नाव शेवटच्या तिघांत आलं. साहेब हवेत तरंगायला लागले. तपासणी समिती येणार म्हणून खिडक्यांच्या गजांनाही रंग लागला. समितीपुढे 'रुग्णांचा आवाज' असा एक कार्यक्रम ठेवायचं साहेबांनी ठरवलं, आणि एके दिवशी अभिप्रायाच्या अकरा वह्या माझ्या टेबलावर आणून आदळल्या.

या वह्यांबद्दल सांगायला हवं. विसाव्यात दाराजवळ एका स्टुलावर वही ठेवलेली असायची, दोरीने बांधलेलं पेन. बसल्या बसल्या माणसाने आपला अभिप्राय लिहावा. रोज साडेदहाला वही वर साहेबांच्या टेबलावर जायची, आणि अकराच्या आत प्रत्येक अभिप्रायाखाली साहेबांचं उत्तर आणि सही होऊन खाली यायची. याचा साहेबांना कोण अभिमान! जगात कुठल्या रुग्णालयात अधीक्षक प्रत्येक माणसाला स्वतःच्या हाताने उत्तर देतो, असं ते पाहुण्यांना विचारायचे.

"यातले गोड गोड वीस काढा," मला म्हणाले. "तुम्हीच वाचा समितीपुढे. तुमचा आवाज साधा आहे, खरा वाटतो."

मी तीन दिवस त्या वह्या वाचत बसलो. 'खुर्च्या छान.' 'कुंडीतल्या झाडाला पाणी घाला.' 'चार तास झाले, बाळाचा ताप उतरेना.' 'भिंतीचा रंग डोळ्यांना गार वाटतो.' 'अहो, कुणी आहे का आत?' सगळ्यांखाली एकच उत्तर, आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. माझी समजूत होती की दुःस्वप्नलोक म्हणजे किंकाळ्या, कुलपं, रक्ताने माखलेल्या भिंती. त्या वह्यांत तसलं काही नव्हतं. माणसं मऊ खुर्चीत बसून विनंती करत होती आणि त्यांचे कुणीतरी आभार मानत होतं.

सातव्या वहीत दादाचं अक्षर सापडलं. आगारातल्या नोंदवहीत असायचं तसं उभट, आणि आधी वेळ लिहिलेली.

'सकाळी १०.०५. खुर्च्या चांगल्या आहेत. आठपासून छातीत कळ येते आहे, आता डावा हात जड झाला आहे. कुणीतरी लवकर बघावे ही विनंती. माझा धाकटा भाऊ इथेच पाट्या रंगवतो, तो बस म्हणाला म्हणून बसलो आहे.'

खाली हिरव्या शाईत, आपल्या मोलाच्या अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. सही. त्यापुढे वेळ, १०.५०. म्हणजे दादाचा हात जड झाल्याची बातमी साहेबांच्या टेबलापर्यंत गेली, सही घेऊन परत आली, आणि त्यानंतरही अर्धा तास माझा भाऊ जिवंत होता.

आता ती शेवटची ओळ. आतापर्यंत सांगायची टाळत होतो, पण टाळून जाणार कुठे? दादाचा फोन मला आला होता. नऊ वाजून दहा मिनिटांनी. म्हणाला, "अरे, आलोय इथे. छातीत दुखतंय जरा." मी शिडीवर होतो. बारा वाजता फोटोवाला येणार होता, त्याआधी दर्शनी भिंतीवरची मोठी पाटी पुरी करायची होती. मी म्हणालो, "विसाव्यात बस दादा, आलोच." आणि मी गेलो नाही. मला वाटलं, एव्हाना आत घेतलं असेल. का वाटलं? कारण मी जी पाटी रंगवत होतो तिच्यावर लिहायचं होतं, 'सरासरी प्रतीक्षा : चौदा मिनिटं'. चिठ्ठी केव्हा फाडतात ते मला पुरतं ठाऊक होतं. तरी स्वतःच्या हाताने चौदाचा आकडा काढता काढता मी तो खरा मानला. दहा मिनिटं गेली, वीस गेली, म्हटलं आता दादा गोळ्या घेऊन घरीही गेला असेल. बावीस वर्षांत मी रंगवलेल्या पाटीवर विश्वास ठेवणारा पहिला मूर्ख बहुतेक मीच.

ते पान मी फाडायला घेतलं होतं. खालची एक ओळ तेवढी, पट्टी लावून. मग लक्षात आलं की सही त्याच ओळीला चिकटून आहे. ओळ गेली तर साहेबही सुटतात. मी वही मिटली आणि मनाशी म्हटलं, वाचणार आपण आहोत. तीन ओळी वाचायच्या आणि थांबायचं.

समिती आली. तिघंजण होते, त्यात एक निवृत्त न्यायाधीश बाई अध्यक्ष, पांढऱ्या केसांच्या, हातात छोटी वही आणि शिसपेन्सिल. सभागृहात सगळा कर्मचारीवर्ग बसला होता. साहेबांनी पंधरा मिनिटं आदर्शलोकावर भाषण केलं आणि मग मला बोलावलं. "आता ऐकूया रुग्णांचा आवाज."

मी पाच गोड अभिप्राय वाचले. साहेब मान डोलावत होते. सहावा म्हणून मी सातवी वही उघडली.

"सकाळी १०.०५," मी वाचलं. "खुर्च्या चांगल्या आहेत."

साहेब हसले. मी पुढे वाचलं. 'डावा हात जड' ला सभागृहातली कुजबुज थांबली. 'कुणीतरी लवकर बघावे ही विनंती' वाचून मी श्वास घेतला, आणि साहेबांचं उत्तर त्यांच्याच सुरात वाचलं, मऊ, सावकाश, वेळेसकट. मग म्हणालो, "हा माझा सख्खा भाऊ. साडेअकराच्या आत त्याच खोलीत गेला. रुग्णालयाच्या कागदावर तो 'मृतावस्थेत आणले' असा आहे."

साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी डोळे भरून बघितला. मला तेव्हा दुःख वगैरे काही होत नव्हतं, नुसता आनंद होत होता, आणि तो मी अजूनही नाकारणार नाही.

"ही तुमची सही?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मॅडम, रोज दोनशे सह्या असतात," साहेब म्हणाले.

"वाचून करता?"

पण मखमल एवढ्यात फाटत नसते. ते उठले, माझ्या हातातून वही घेतली, अगदी हलक्या हाताने, चष्मा नीट केला. "यांनी एक ओळ गाळली आहे," ते म्हणाले. "परवानगी असेल तर वाचतो." आणि त्यांनी वाचली. "माझा धाकटा भाऊ इथेच पाट्या रंगवतो, तो बस म्हणाला म्हणून बसलो आहे." वही मिटून माझ्याकडे वळले. "मी न वाचता सही केली, हे खरं. तुम्ही तर त्यांचा आवाज ऐकला होता ना?"

दोनशे माणसं माझ्याकडे बघत होती. मोठ्या सिस्टर दुसऱ्या रांगेतून उठल्या.

"मी त्यांना खुर्चीत बसलेलं बघितलं होतं, दहाच्या सुमाराला," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "घामाघूम झाले होते. मी शिपायाला म्हटलं यांना आधी सोड. तो म्हणाला आत मोकळं झाल्याशिवाय सोडायचं नाही, साहेबांचा नियम आहे. मी पुढे गेले. मीही लिहून देते, काय ते."

अध्यक्षबाई उठल्या. खाली विसाव्यात गेल्या आणि बसलेल्या एकेकाला विचारत सुटल्या, तुम्ही किती वाजता आलात. वहीत लिहून घेतलं. एक म्हातारा सकाळी साडेसहापासून बसला होता, तेव्हा एक वाजून गेला होता. दारावरच्या माझ्या निळ्या अक्षरांकडे त्यांनी वर बघितलं आणि विचारलं, "हे कुणी रंगवलं?" मी म्हणालो, "मी." त्यांनी तेही लिहून घेतलं.

पुढचं सगळं भराभर झालं. सन्मान दुसऱ्या कुणाला गेला. तीन आठवड्यांत साहेबांच्या निलंबनाचा आदेश आला. ते निघाले तेव्हा मी मुद्दाम फाटकाशी जाऊन उभा राहिलो. कुणी पाणी विचारलं नाही त्यांना. त्यांच्या हातात एक खोकं होतं आणि ते पेलवत नव्हतं. मी पुढे झालो नाही. त्यांच्या दालनाबाहेरची पाटी मी त्याच दुपारी खरवडली, पत्र्यापर्यंत. चिठ्ठी आता पहिल्या फाटकावरच फाडतात, आणि दर्शनी भिंतीवरच्या पाटीवरचा आकडा मी बदलला आहे. आता तिथे तीन तास वीस मिनिटं लिहिलेलं आहे. लोक थांबून वाचतात, शिव्या देतात आणि आत जातात.

दादाचा कागदही बदलून मिळाला. 'रुग्ण सकाळी ९.१० वाजता स्वतः चालत आले. ११.२० वाजता रुग्णालयात मृत्यू.' खाली नव्या अधीक्षकांची सही, गोल शिक्का. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तो घरी नेला.

आई पलंगावर बसून धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी कागद तिच्या हातात दिला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग तो घडी करून उशीखाली ठेवला. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून तिने चार महिन्यांत पहिल्यांदा वहिनीला हाक मारली.

"तू जेवलीस का गं?"

वहिनी दारात आली. "जेवते, आई," म्हणाली. आई रडायला लागली. वहिनी तिच्याजवळ जाऊन बसली, पाठीवरून हात फिरवला. तिचे स्वतःचे डोळे मात्र कोरडे होते. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं. मी बाहेरच्या खोलीत येऊन चपला काढत होतो, तोवर वहिनी मागोमाग आली.

"भाऊजी, तुम्ही सांगत होतात ते वहीतलं पान आणलं नाहीत?"

"कागद आणलाय ना," मी म्हणालो. "पान समितीकडे आहे."

"नाही आणलंत तरी चालेल. त्यात काय असणार ते मला ठाऊक आहे." ती हळू बोलत होती, आतल्या खोलीत ऐकू जाणार नाही अशी. "तुमच्याशी बोलून झाल्याबरोबर त्यांनी मला फोन केला होता. म्हणाले, काळजी करू नकोस, धाकट्याला सांगितलंय, तो येतोच म्हणालाय."

"मग वहिनी, इतके दिवस तुम्ही आईला सांगितलं का नाही?"

"मी सांगितलं असतं तर? सुनेने आपल्या अंगावरचं दिरावर ढकललं असं म्हटलं असतं सगळ्यांनी." तिने पदर खांद्यावर नीट घेतला. "आणि खरं सांगू का, मला बघायचंही होतं. आई मला बोलायच्या तेव्हा तुम्ही समोर जेवत असायचात. खाली मान घालून, एक शब्द न बोलता. मी रोज बघत होते, आज बोलतात का, उद्या बोलतात का. चार महिने बघितलं."

"मी त्या साहेबाला सोडला नाही, वहिनी. त्याला पार—"

"बरं केलंत. त्याचं त्याला मिळालं." तिचा आवाज अजूनही चढला नव्हता. "आता तुमचं राहिलंय. मी आईंना सांगणार नाही, तुम्ही सांगायचंय. आज नाही सांगितलंत तर मी उद्या विचारीन. परवा विचारीन. तुम्ही जेवायला बसलात की रोज विचारीन, त्यांच्यासमोर, सांगितलंत का म्हणून."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, आधी रागच आला. ज्या बाईसाठी मी एवढं सगळं केलं, ती माझ्याच गळ्यावर पाय देऊन उभी होती. मग लक्षात आलं की मी साहेबांना खाली ओढण्यासाठी जेवढी वाट बघितली, तेवढीच तिने माझ्यासाठी बघितली होती. फक्त तिने ती जेवण वाढता वाढता बघितली.

मी आत गेलो. आई पुन्हा चादरींच्या घड्या घालायला लागली होती. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा राहिलो.

"आई, त्या दिवशी दादाचा फोन मला आला होता."

तिचे हात थांबले. "कधी?"

"आल्या आल्या. छातीत दुखतंय म्हणाला. मी त्याला बस म्हणालो, येतो म्हणालो."

"मग?"

"मी गेलो नाही."

आईने चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग दारात उभ्या असलेल्या वहिनीकडे, मग परत माझ्याकडे.

"म्हणजे तो तुझी वाट बघत बसला होता?"

"हो."

"किती वेळ?"

मी वहिनीकडे बघितलं. ती दारातून हलली नाही.

"दोन तास दहा मिनिटं," मी म्हणालो.